जुना हात

नऊ पानं होती. सत्तेचाळीस मुद्दे, प्रत्येकाला क्रमांक दिलेला. त्यांतले अकरा भाषेचे, सहा आकृत्यांचे, चार संदर्भांचे. उरलेले सव्वीस थेट कामाबद्दल. त्या सव्वीसांत एके ठिकाणी लिहिलं होतं की तिसऱ्या आकृतीतला उजवीकडून चौथा ठिपका आपल्याला दोन दिवस छळतो आहे, त्याचं काय ते लेखकाने सांगून टाकावं.

हर्षद चहाचे ग्लास विसळायला गेला होता, तेवढ्यात मी हे मोजलं.

पेपर छापण्याआधी जर्नलचा संपादक तो त्याच विषयातल्या कुणा अनोळखी माणसाकडे पाठवतो. तो माणूस नाव न सांगता आपलं मत लिहितो. ही नऊ पानं हर्षदच्या पेपरवरची. माझे तोवर चौदा पेपर छापून झाले होते. त्या चौदांवर मला आलेली सगळी परीक्षणं मी नंतर त्या दुपारी एका फाइलमध्ये एकाखाली एक चिकटवून पाहिली. अडीच पानं भरली. त्यातलं सर्वांत लांब नऊ ओळींचं होतं, आणि त्यातल्या तीन ओळींत परीक्षकाने स्वतःचेच पेपर संदर्भात घालायला सुचवले होते. बाकी बहुतेक ठिकाणी ‘काम चांगलं आहे, इंग्रजी सुधारावं’.

हर्षद ग्लास झटकत परत आला.

“काय गो, वाचलंस?”

“चाळलं.”

“मेलो ना मी?”

निकाल तसाच होता. मोठ्या दुरुस्त्या कराव्यात, मग पाहू. पण त्याचा चेहरा मेलेल्या माणसाचा नव्हता. गणिताचा पेपर अवघड गेला की काही मुलं घरी येऊन जेवायच्या आधी तोच पुन्हा सोडवायला बसतात, तसा होता. त्याने पानं माझ्यासमोरून उचलली, कोपरे सारखे केले आणि ती घेऊन खिडकीपाशी गेला. मी चहा प्यायले. चहात साखर होती की नव्हती, मला सांगता आलं नसतं.

आमचं केंद्र खाडीच्या तोंडाशी होतं. चार खोल्या, एक जेटी, आणि भरतीला व्हरांड्यापर्यंत येणारा वास. आम्ही तिसऱ्यांवर काम करायचो. खाडीतून तिसऱ्या आणायच्या, उघडायच्या, मांसाचं वजन करायचं, शिंपले धुऊन ठेवायचे. वजन झालं की मांस मेसच्या कढईत जायचं. आमच्या प्रमुख नाबर मॅडम पाहुण्यांना केंद्र दाखवताना म्हणायच्या, “आमच्याकडे मुद्दा पोटात जातो, पुरावा कपाटात.”

त्या वर्षी केंद्रात एक कायमची जागा निघाली होती. कंत्राटावरचे आम्ही दोघंच तिला पात्र होतो, मी आणि हर्षद तांडेल. निवड गुणांवर होणार होती. किती पेपर, कुठल्या दर्जाच्या जर्नलमध्ये, आणि इतरांनी आपल्या पेपरांत त्यांचा किती वेळा उल्लेख केला. या उल्लेखाला सगळे सायटेशन म्हणतात. माझा सर्वांत पहिला पेपर, खाडीच्या तोंडाशी मिळणाऱ्या तिसऱ्यांच्या शिंपल्याची सरासरी जाडी सांगणारा, एकसष्ट वेळा उल्लेखला गेला होता. बाबांना यातलं काही कळत नसे, पण आकडा कळत असे. ते एसटीत वाहतूक नियंत्रक होते. दर रविवारी फोनवर पहिला प्रश्न, “स्कोअर काय?” मी साठ म्हटलं की ते मागच्या रविवारचे अठ्ठावन्न आठवून दोन वाढवून घ्यायचे. आमच्या आळीत त्यांनी सांगून ठेवलं होतं की केतकीचं नाव साठ शास्त्रज्ञांनी घेतलंय.

हर्षदचे तीन पेपर होते. सायटेशन सगळी मिळून नऊ. एका कामाला तो इतका वेळ लावायचा की मॅडम त्याला म्हणायच्या, तांडेल, तुझ्या तिसऱ्या म्हाताऱ्या होऊन आपणहून मरतील. मला त्याचा कधी हेवा वाटला नव्हता. वाटण्यासारखं काही नव्हतंच. दोघांचे आकडे शेजारी शेजारी मांडले की झालं.

त्या दिवशी जेवताना मी फोनमध्ये पान सहा वाचत होते. तो बाहेर गेला असताना त्याच्या टेबलावरच्या त्या पानाचा मी फोटो काढला होता. मुद्दा एकतीस त्या पानावर होता.

हर्षदचा दावा असा होता की खाडीच्या तोंडाशी असलेल्या तिसऱ्यांचे शिंपले गेल्या पाच वर्षांत पातळ झाले आहेत. पाणी बदलतंय, शिंपला बांधणं त्यांना जड जातंय. आताची जाडी त्याने स्वतः मोजली होती. पाच वर्षांपूर्वीची जाडी त्याने माझ्या त्या पहिल्या पेपरातून घेतली होती. परीक्षकाने लिहिलं होतं: ‘लेखकाचा सगळा डोलारा एका जुन्या सरासरीवर उभा आहे. ती सरासरी मी वाचली. शिंपल्याची जाडी कुठल्या जागी मोजली, स्क्रू गेज किती घट्ट फिरवलं, हे पोंक्षे यांच्या पेपरात कुठेही नाही. समुद्र बदलला असं सांगण्याआधी मोजणारा हात बदललेला नाही, हे लेखकाने दाखवावं.’

म्हणजे या माणसाने माझा पेपरही काढून वाचला होता. पद्धतीच्या परिच्छेदापर्यंत गेला होता. एकसष्ट जणांनी तो आकडा उचलून आपापल्या प्रस्तावनेत लावला, त्यांतल्या एकानेही मला विचारलं नव्हतं की बाई, मोजलंत कुठे. ज्याने विचारलं त्याने हर्षदला विचारलं.

भाकरी तशीच राहिली.

दुसऱ्या दिवशी मी हर्षदला सल्ला दिला. हा पेपर मागे घे आणि दुसऱ्या जर्नलला पाठव. दोन-तीन नावं मी सांगितली. तिथे परीक्षक फार त्रास देत नाहीत, मुलाखतीच्या आत स्वीकारलं जाईल, गुण मिळतील. सल्ला चांगला होता. कुणीही दिला असता. तो देताना मला त्या नऊ पानांचं काय होईल एवढंच दिसत होतं: पेपर मागे घेतला की ती पानं रद्दी.

त्याने ऐकून घेतलं. मग म्हणाला, “आणि ह्या माणसाचं काय?”

“कुठल्या?”

“हाच. नऊ पानं लिहिणारा.” त्याने पानांवर हात ठेवला. “त्याला चौथा ठिपका छळतोय. सांगायला नको?”

“तुला त्याचं नावसुद्धा माहीत नाही.”

“त्याला तरी माझं कुठे माहीत होतं. तरी लिहिलान ना त्याने एवढं.”

मी त्याला मुलाखतीच्या तारखेची आठवण करून दिली. दुरुस्त्यांना महिने लागतील. कंत्राट मार्चमध्ये संपतंय. हा पेपर गेला तर हातात दाखवण्यासारखं काही उरणार नाही, इथेही नाही आणि दुसरीकडेही नाही. तो म्हणाला की हे त्याने रात्री आईला सांगून झालंय. आई बंदरावर मासळी विकते. तिने विचारलं, तो माणूस खोटं बोलतोय का? नाही म्हटल्यावर म्हणाली, मग गिऱ्हाईकाशी भांडू नको, माल पुन्हा दाखव.

मुलाखतीला बाहेरून तीन जण आले होते. अध्यक्ष पाठारे सर, पांढऱ्या मिश्यांचे, कमी बोलणारे. माझं आधी झालं. त्यांनी तक्ता पुढे ओढला, गुणांची बेरीज दोघांनी वेगवेगळी केली, ती जुळली. एकाने विचारलं की पाच वर्षांनी माझे आकडे कुठे असतील. मी उत्तर तयारच ठेवलं होतं. पाठारे सर म्हणाले, “छान.” शिपाई गोपाळ चहाचा ट्रे घेऊन दारात आला तेव्हा मी बाहेर पडत होते.

मग हर्षद आत गेला, आणि मी व्हरांड्यातल्या बाकावर बसले.

ट्रे आत गेला. थोड्या वेळाने बिस्किटं गेली. दारामागून आधी एकच आवाज येत होता, मग दोन, मग सगळे एकदम बोलायला लागले. कुणीतरी हसलं. पाठारे सरांचा आवाज मी ओळखला. इतका वेळ बोलतील असं वाटलं नव्हतं. दुसरा चहा गेला. गोपाळ धावत बाहेर आला आणि प्रयोगशाळेकडे वळला.

“काय झालं?” मी विचारलं.

“काय नाय. आत शिंपले मागवलेत.”

तो दोन्ही हातांत डबे घेऊन परत गेला. माझ्या मुलाखतीत शिंपला हा शब्द आला होता का, हे मी आठवून पाहिलं. चौदा पेपरांच्या शीर्षकांत होता. कुणी तो उच्चारला नव्हता.

शेवटी दार उघडलं तेव्हा पाठारे सर हर्षदच्या खांद्याशी चालत बाहेर येत होते. अजून बोलणं चालूच होतं. त्यांच्या हातात चहाचा भरलेला कप होता आणि चहावर साय धरली होती. माझ्याकडे त्यांनी पाहिलं आणि मान हलवली, ओळख असल्यासारखी.

जागा मला मिळाली. माझे अठ्ठ्याहत्तर गुण झाले, हर्षदचे तेहतीस. समितीला दुसरं काही करताही आलं नसतं, नियम तसा होता. नाबर मॅडमनी सगळ्यांसमोर माझं नाव वाचलं. बाबांनी आळीत पेढे वाटले. हर्षदने बाजारातून मालवणी खाजं आणलं आणि पुडा माझ्या टेबलावर ठेवला.

“घे, पर्मनंटबाई. आता तरी चहा तू कर.”

मी एक तुकडा खाल्ला. आल्याचा होता. मग त्याला विचारलं, आत एवढं काय चाललं होतं.

“मी त्यांना परीक्षण दाखवलं,” तो म्हणाला. “म्हटलं, माझ्याकडे गुण नाहीत, हे आहे. पाठारे सरांनी मुद्दा एकतीस मोठ्याने वाचलान. मग तिघांत जुंपली.”

मला जागा मिळाली होती, आणि तरी त्या बंद दारामागची बाचाबाची मला हवी होती.

आठवड्याने तो माझ्याकडे आला. टेबलापाशी उभा राहिला, बसला नाही. म्हणाला, मुद्दा एकतीसला उत्तर द्यायला एकच रस्ता आहे. तुझे पाच वर्षांपूर्वीचे शिंपले अजून मागच्या कपाटात आहेत. ते आणि माझे नवे एकत्र करायचे, एकाच हाताने मोजायचे, आणि मोजणाऱ्याला कुठला शिंपला कुठला ते माहीत असता कामा नये.

“मग मोज.”

“माझा हात नाही चालत. जुना हात हवा.”

स्क्रू गेजने जाडी मोजायची म्हणजे त्याच्या दोन जबड्यांत शिंपला धरायचा आणि टोकाची खुंटी फिरवायची. जबडे टेकले की खुंटी टिक टिक वाजते. कुणी एका टिकेवर थांबतं, कुणी पाच होईपर्यंत पिळतं. शिंपला जरा दबतो, आकडा बदलतो. शून्य पूर्णांक शून्य एक मिलिमीटरपर्यंत ते गेज दाखवत असे, आणि आमचं सगळं भांडण तेवढ्यातच असे. पहिले शिंपले मी मोजले होते. त्यामुळे सगळे मीच मोजायला हवे होते.

त्या दिवसापर्यंत मी एक गोष्ट सरळ मांडून पाहिली नव्हती. तेव्हा मांडली. माझी जुनी सरासरी चुकीची असेल, तर शिंपले पातळ झालेच नाहीत, मी तेव्हा जास्त जाड मोजले एवढंच. हर्षदचा पेपर बुडाला. ती बरोबर असेल, तर शिंपले खरंच पातळ झालेत. हर्षदचा पेपर तरला. मधला रस्ता नव्हता. एकसष्ट सायटेशनचा माझा आकडा चुकीचा निघावा, असं त्या क्षणी माझ्या मनात आलं, आणि ते बराच वेळ तिथेच राहिलं.

“बरं,” मी म्हटलं.

शिंपल्यांची सरमिसळ मॅडमनी केली. साठ जुने, साठ नवे. जुन्यांचा रंग उडतो, म्हणून त्यांनी सगळेच ब्लीचच्या पाण्यात ठेवले, धुतले, एकाच उन्हात वाळवले. आतल्या बाजूला पेन्सिलने आकडे घातले. कुठला आकडा कुठल्या गटाचा, तो कागद त्यांनी पाकिटात घालून आपल्या पर्समध्ये ठेवला, आणि पर्स घेऊन त्या मेसमध्ये भाज्या निवडायला गेल्या.

मी मोजत होते, हर्षद समोर बसून लिहीत होता. खाडीला ओहोटी होती. एकशे वीस पांढरेफटक शिंपले, सगळे एकमेकांसारखे. मी ओळखायचा प्रयत्न केला. एखाद्याची कडा झिजलेली दिसली की वाटे, हा माझा. पुढच्याचीही तशीच असे. हातात गेज असताना मी विचार केला की चौथी टिक वाजवली तर कुणाला कळणार नाही. पण कुणासाठी वाजवायची? जुन्या शिंपल्याला चौथी टिक म्हणजे हर्षदला तोटा, नव्याला म्हणजे फायदा. समोरचा कुठला होता, ते मला माहीत नव्हतं.

तिसरीनंतर मी थांबत होते, जशी नेहमी थांबायची.

अर्ध्यावर आल्यावर हर्षदने लिहिता लिहिता मान वर न करता विचारलं, “तीनच टिक ना गो?”

“तीनच.”

“पयल्यापास्नं?”

“पहिल्यापासून. कडेपासून एक सेंटिमीटर आत, आणि तीन टिक.”

“पेपरात लिहिलं नाहीस.”

“कुणी विचारलं नाही.”

त्याने आकडा लिहून संपवला. पेन खाली ठेवलं.

“विचारलं ना आता,” तो म्हणाला. “त्याने विचारलान म्हणून मी विचारतोय. मुद्दा एकतीस माझा कुठे आहे? तुझा आहे तो. मी नुसता पोचवतोय.”

मी पुढचा शिंपला उचलला. त्याने पेन उचललं. त्यानंतर हात मी दर वेळी टेबलावर टेकवून, श्वास सोडून, मग खुंटी फिरवायला लागले. तशी मी पाच वर्षांपूर्वी फिरवायची, तेव्हा माझ्या नावावर एकही पेपर नव्हता.

अलीकडे माझ्याकडेही परीक्षणासाठी पेपर येतात. मी लिहिते त्या पानांची सरासरी मी काढलेली नाही. संपादक मात्र दोनदा म्हणाले आहेत की जरा आटोपतं घ्या.

त्या दिवशी मोजून झालं तेव्हा मॅडम हात पुसत आल्या. पर्समधून पाकीट काढलं, चष्मा लावला. हर्षद कॅल्क्युलेटर घेऊन बसला आणि मग तो त्याने माझ्याकडे सरकवला. बेरीज तू कर म्हणाला, माझ्यावर कुणी विश्वास ठेवायचं नाही. मॅडम एकेक आकडा वाचत गेल्या, जुना, नवा, नवा, जुना, आणि मी दोन रकाने भरत गेले. जुन्यांचा रकाना आधी भरला. तो मी दोनदा बेरजेला घातला. हर्षद बघत नव्हता. तो खिडकीबाहेर चिखलात तिसऱ्या उकरणाऱ्या बायकांकडे पाहत होता.

“सांग,” मॅडम म्हणाल्या.

मी वाचून दाखवलं.

नवे साठ शिंपले, सरासरी जाडी १.६१ मिलिमीटर. जुने साठ, पाच वर्षांपूर्वी छापलेली सरासरी १.८४. आज मोजलेली १.८३.